जनरेट झालेल्या फाइलला हात लावू नकोस

अरे, सर्व्हरची तारीख नीट वाचली जात नाही म्हणून डार्ट प्रोजेक्टमधली डॉट-जी-डॉट-डार्ट (.g.dart, टूलने आपोआप लिहिलेली) फाइल हाताने दुरुस्त केलीस ना? पुढच्या वेळी बिल्ड रनर (ती फाइल तयार करणारं टूल) चालवलास की सगळं पुसलं जाईल. मीही सुरुवातीला हेच केलं होतं, दोनदा!

जेसन सिरियलायझेबल (जेसन डेटा डार्टच्या ऑब्जेक्टमध्ये बदलणारा कोड लिहून देणारं पॅकेज) डेटटाइमसाठी, म्हणजे तारीख-वेळेसाठी, आयएसओ स्ट्रिंग ('1998-05-12' सारखा मजकूर) धरून चालतं. तुझा सर्व्हर मात्र 1700000000 असा आकडा पाठवतोय. मग जेसनकन्व्हर्टर इंप्लिमेंट करणारा छोटा क्लास लिही: फ्रॉम-जेसनमध्ये आकड्याचा डेटटाइम, टू-जेसनमध्ये उलट. तो आकडा 1 जानेवारी 1970 पासूनच्या सेकंदांचा आहे, डार्टला मिलिसेकंद लागतात. 1000 ने गुणायला विसरलास तर नोव्हेंबर 2023 ऐवजी 20 जानेवारी 1970 दिसेल. स्क्रीनवर 1970 दिसलं की मी आधी हाच गुणाकार बघतो. 'इज-यूटीसी' (वेळ जागतिक प्रमाणवेळेत ठेवणारा पर्याय) ट्रू ठेव, नाहीतर वेळ फोनच्या टाइमझोनमध्ये येते. टू-जेसनमध्ये 1000 ने भागायचंय, आणि तेही पूर्णांक भागाकाराने.

हा कन्व्हर्टर तुझ्या डेटाच्या क्लासच्या डोक्यावर लावलास तर आतल्या प्रत्येक डेटटाइमला लागू होतो. जन्मतारीख '1998-05-12' अशी स्ट्रिंग येत असेल तर तिथे कास्टची एरर (स्ट्रिंगला आकडा समजल्याची) ठरलेली. म्हणून मी तो ज्याला हवा त्या फील्डवरच लावतो. चार ओळी जास्त लिहाव्या लागतात, लागू देत.