छतावरचा एसी : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

उन्हाळा तोंडावर आला की अमेरिकेतल्या वाचकांच्या पत्रांत आरव्ही, म्हणजे राहायची सोय असलेली गाडी किंवा ट्रेलर, डोकावू लागते. एकाच तक्रारीची अनेक पत्रं होती, ती इथे एकत्र केली आहेत. बहुतेकांनी एसीलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलंय. तो तिथे असायलाच हवा असं नाही, हे उत्तरांवरून कळेलच.

प्रश्न : आमच्या २६ फुटी ट्रेलरवरचा १३,५०० बीटीयूचा जुना एसी बंद पडला. त्या जागी १५,००० चा नवा घरीच बसवावा म्हणतो. छताला भोक आहेच. काय काय सांभाळावं? – एक वाचक, ऑस्टिन (टेक्सस)

भोक आहे म्हणजे निम्मं काम झालंय. अमेरिकी आरव्हीत हे भोक साधारण १४ इंच चौरस असतं आणि त्यावर जवळपास कुठल्याही कंपनीचा एसी बसतो. घोळ होतो तो खालच्या भागाचा. आतून छताला लागणारं झाकण आणि त्यामागची चौकट नव्या एसीला चालणारीच हवी. तुमच्याकडे हवा डक्टमधून (छतातल्या हवेच्या नळीतून) फिरते की झाकणातूनच येते, आणि बटणं झाकणावर आहेत की भिंतीवर थर्मोस्टॅट आहे, हे पाहूनच ऑर्डर द्या. क्षमतेचं म्हणाल तर १२,००० बीटीयू म्हणजे आपला एक टन. १५,००० म्हणजे सव्वा टन. एसीला स्वतंत्र २० अँपिअरचा ब्रेकर आणि १२ गेजची तांब्याची वायर असेल, तर वायरिंग बदलावं लागत नाही.

आधी बाहेरची केबल काढा, जनरेटर बंद करा, ब्रेकर पाडा. भिंतीवरचा थर्मोस्टॅट १२ व्होल्टवर चालतो, म्हणून बॅटरीही तोडा. झाकण काढलं की वर जाणारे चार लांब बोल्ट दिसतील. जुना एसी केवळ त्या चार बोल्टांवर असतो. ते सोडवले की एसी उचलायचा, ओढायचा नाही. वजन ३५ ते ४५ किलो असतं, म्हणून वर दोघं आणि खाली एक माणूस हवाच. ओढत नेलात तर छताचं रबर फाटतं, आणि एसीपेक्षा छत महाग पडतं.

आता भोकाच्या कडेचं जुनं गॅस्केट, म्हणजे एसी आणि छत यांच्यामधली पाणी अडवणारी पट्टी, प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा, स्पिरिटने पुसा आणि भोकाभोवतीचं लाकूड स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दाबून बघा. टोक आत शिरलं तर लाकूड कुजलंय. ते बदलल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण सगळं वजन आणि रस्त्यावरचे हादरे याच चौकटीवर येतात.

नवं गॅस्केट फोमचं, साधारण इंचभर जाड असतं. त्याला सिलिकॉन किंवा छताचा सीलंट अजिबात लावायचा नाही. पाणी अडतं ते गॅस्केट दाबलं गेल्यामुळे. सीलंट लावलात तर पाणी कुठून येतंय ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी एसी काढताना छताचं रबरही सोबत निघतं. एसी अलगद खाली ठेवा, निमुळतं नाक गाडीच्या पुढच्या बाजूला. खालच्या माणसाने भोकात बघून तो चारही बाजूंनी सारखा बसलाय ना ते सांगायचं. मग बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळत जा. इंचभराचं गॅस्केट अर्ध्या इंचावर आलं की थांबा. टॉर्क पाना असेल तर बहुतेक पुस्तिकांत ४० ते ५० इंच-पाउंड दिलेले असतात. हे फार कमी आहे, साध्या पान्याने मनगटाच्या जोरावर होतं. बॅटरीवरची इम्पॅक्ट गन इथे वापरलीत तर एसीचा तळ वाकलाच म्हणून समजा.

वायर जोडताना भारतात वाढलेल्यांसाठी एक खास सूचना. आपल्याकडच्या घरांत काळी वायर न्यूट्रल असते. अमेरिकेत काळी म्हणजे जिवंत वायर. न्यूट्रल पांढरी आणि अर्थ हिरवी किंवा उघडी तांब्याची. हाताच्या जुन्या सवयीवर विसंबू नका, मीटर लावून बघा.

झाकण लावण्याआधीचं शेवटचं काम घाईत राहून जातं. थंड हवा बाहेर टाकणारा कप्पा आणि खोलीतली हवा आत ओढणारा कप्पा यांच्यामध्ये पत्र्याचा एक पडदा असतो. त्याची प्रत्येक फट ॲल्युमिनियमच्या फॉइल टेपने बंद करा. कापडी डक्ट टेप नको, तिचा डिंक उन्हात सुटतो. ही फट का महत्त्वाची, ते पुढच्याच उत्तरात येतंय.

नवा एसी जुन्यापेक्षा उंच असेल तर गाडीची एकूण उंची मोजून चालकासमोर चिठ्ठी चिकटवा. आणि पहिल्या लांब प्रवासानंतर बोल्ट एकदा तपासा.

प्रश्न : बाहेर ११० अंश फॅरनहाइट असताना आत ८५ च्या खाली येत नाही. मेकॅनिक म्हणतो गॅस गेला, एसी बदला. खरं का? – फीनिक्स (ॲरिझोना)

छतावरच्या एसीत गॅसचं वर्तुळ कारखान्यातच झाळून बंद केलेलं असतं; गॅस भरायला तोंडच नसतं. गळती होते, पण क्वचित. त्याआधी स्वयंपाकघरातला सळईचा थर्मामीटर घ्या. एसी अर्धा तास चालू द्या. मग हवा आत जाते त्या जाळीशी एकदा आणि थंड हवा येते त्या सगळ्यात जवळच्या तोंडाशी एकदा, असं तापमान मोजा. फरक १६ ते २२ अंश फॅरनहाइट आला, तर यंत्र ठणठणीत आहे. दमट हवेत फरक थोडा कमी येतो, कारण एसीची बरीच ताकद हवेतलं पाणी काढण्यात जाते. कोरड्या फीनिक्समध्ये ती सबब चालणार नाही.

फरक १० वगैरे असेल तर आधी फिल्टर, मग तो पत्र्याचा पडदा. पडद्यात फट असली की थंड हवा खोलीत न येता तिथल्या तिथे परत आत ओढली जाते. एसीला वाटतं खोली गार झाली. तो बंद होतो, मिनिटाभरात पुन्हा सुरू होतो. असं सारखं होत असेल तर दुसरं काही शोधू नका. नव्या कोऱ्या गाड्यांतही हा पडदा नीट चिकटवलेला नसतो, हे सांगताना आम्हालाच संकोच वाटतो.

त्यानंतर वर चढा. वरचं प्लास्टिकचं आवरण काढून मागच्या कॉइलचे पंख बघा. धूळ, झाडांच्या बियांचा उडणारा कापूस, गारांनी वाकलेले पंख, असं काही दिसेल. पंख सरळ करायची फणी मिळते. मोटर झाकून, कमी दाबाच्या पाण्याने आतून बाहेर धुवा. कपॅसिटरला हात लावू नका; वीज तोडल्यावरही त्यात भार राहतो.

आणि फरक २० अंश येत असूनही आत ८५ च असेल तर दोष उन्हाचा आहे. ट्रेलरच्या भिंती जेमतेम दीड-दोन इंचांच्या, खिडक्या एकेरी काचेच्या. बाहेरपेक्षा २०-२५ अंश कमी एवढंच एका एसीकडून धरून चालावं, म्हणजे ११० ला ८५ ठीकच. सकाळी आठलाच एसी लावा. तापलेला ट्रेलर दुपारी दोनला गार करायला निघणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं. छताच्या झरोक्यांत १४ इंची फोमच्या उश्या कोंबा, पुढच्या काचेला चकचकीत फॉइल लावा, ऑनिंग (बाहेरची कापडी कनात) उन्हाच्या बाजूला उघडा.

प्रश्न : पाऊस थांबल्यावर एसीजवळून आत पाणी ठिबकतं. बोल्ट आवळले तरी थांबेना. – टॅम्पा (फ्लोरिडा)

आवळणं थांबवा. आधी पाणी कुठलं ते ठरवा. कोरड्या दिवशी एसी चार तास चालवा. तेव्हाही ठिबकलं तर ते पावसाचं नाही, कॉइलवर जमणारं पाणी आहे. ते खालच्या ट्रेमध्ये साठून बारीक भोकांतून छतावर जातं. भोकं कचऱ्याने बुजली की ट्रे भरून आत सांडतो. गाडी एका बाजूला कलली असली तरी हेच होतं, म्हणून आधी लेव्हल बघा. कोरड्या दिवशी ठणठणीत आणि पावसातच ठिबकत असेल, तर गॅस्केट गेलं. अर्ध्या इंचाहूनही चपटं झालेलं गॅस्केट आणखी दाबून सुधारत नाही. नवं टाका.

प्रश्न : कॅम्पग्राउंडवर ३० अँपिअरचा ब्रेकर सारखा पडतो. घरी गॅरेजमध्येही असाच प्लग बसवायचा आहे. – न्यू जर्सी

३० अँपिअर गुणिले १२० व्होल्ट म्हणजे ३,६०० वॉट; तेवढ्यात सगळं बसवायचं. कडक उन्हात एसी १३ ते १६ अँपिअर घेतो. पाणी तापवायचं विजेचं एलिमेंट सुमारे १२, मायक्रोवेव्ह १२-१३. तीन एकत्र लावले की ब्रेकर पडणारच. पाणी गॅसवर तापवा, वाद मिटला. कॅम्पग्राउंडवरच्या ५० अँपिअरच्या वीजखांबाला अडॅप्टर लावूनही गाडीला ३० पेक्षा जास्त मिळत नाही.

दुसरी बाब व्होल्टेजची. दुपारी सगळ्यांचे एसी चालू झाले की जुन्या कॅम्पग्राउंडवर व्होल्टेज घसरतं. प्लगमध्ये लावायचा दोन पैशांचा मीटर ठेवा. एसी चालू असताना आकडा १०८ च्या खाली गेला तर एसी बंद करा. कमी व्होल्टेजला मोटर जास्त करंट खेचते आणि तापून जळते. बंद केल्यावर पाच मिनिटं थांबूनच पुन्हा लावा. आतला दाब उतरल्याशिवाय कॉम्प्रेसर सुरू होत नाही, नुसता घुमतो.

गॅरेजच्या प्लगबाबत इशारा. आरव्हीचा ३० अँपिअरचा तीन पिनांचा सॉकेट, म्हणजे टीटी-३०, हा १२० व्होल्टचा असतो. घरगुती काम करणारे काही इलेक्ट्रिशियन तो कपडे वाळवण्याच्या यंत्राचा समजून २४० देतात. पहिल्याच दिवशी एसी, मायक्रोवेव्ह, चार्जर सगळं जळतं. गाडी लावण्याआधी सॉकेटमध्ये मीटर घालून १२० दिसतात ना, ते स्वतः बघा.

प्रश्न : २,२०० वॉटच्या जनरेटरवर सॉफ्ट स्टार्टर लावून १३,५०० चा एसी चालेल का? एस्टेस पार्कला जायचंय. – डेन्व्हर

खाली, समुद्रसपाटीला, कदाचित. कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर ५०-६० अँपिअर मागतो. सॉफ्ट स्टार्टर तो झटका निम्म्याहून कमी करतो. पण सुरू झाल्यावरची भूक तो कमी करत नाही. २,२०० चा जनरेटर सतत १,८०० वॉटच देतो आणि उंचीच्या दर हजार फुटांना साधारण साडेतीन टक्के गमावतो. एस्टेस पार्क साडेसात हजार फुटांवर आहे, म्हणजे हातात उरले सुमारे १,३०० वॉट. एसीला दीड हजार लागतात. दोन जनरेटर समांतर जोडा. किंवा तिथल्या रात्री खिडक्या उघड्या ठेवा, एसी लागतो कशाला!

प्रश्न : २०२१ मध्ये राज्याचं कॅरॅव्हॅन धोरण आलं, तेव्हापासून मिनीबसची कॅरॅव्हॅन करायचं डोक्यात आहे. अमेरिकेतून भाऊ छतावरचा एसी आणतो म्हणतोय. ट्रान्सफॉर्मरवर चालेल ना? – पुणे

नको. ट्रान्सफॉर्मर २३० चे १२० व्होल्ट करेल, पण विजेची वारंवारता ५० हर्ट्झची ६० करणार नाही. मोटर सहाव्या हिश्श्याने हळू फिरेल, गारवा घटेल आणि व्होल्टेज ५० हर्ट्झच्या मानाने जास्त पडल्यामुळे ती तापेल. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचाच घ्या. युरोपसाठी बनणाऱ्या अनेक छती एसींना ४०० मिलिमीटर चौरस भोक लागतं, १४ इंच नव्हे. म्हणून एसी हातात येईपर्यंत छत कापू नका. मिनीबसचं छत नुसता पत्रा असतो. आडव्या कमानींमध्ये चौकट वेल्ड करून तिच्यावर वजन घ्या, नाहीतर पत्रा बसेल आणि पावसाचं पाणी एसीभोवतीच तुंबेल. कोकणात नेणार असाल तर कॉइलचं पाणी भरपूर निघेल. त्याची नळी मागच्या कोपऱ्यातून खाली सोडा, दारावरून नको.