नदीमुखावरच्या छोट्या बंदरातला गाळ काढायची परवानगी कशी मिळवावी, आणि त्याच हंगामात धक्क्यावर मेळावा भरवता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: नदीच्या मुखाशी लहान बंदर आहे, ओहोटीला होड्या चिखलात टेकतात, समितीकडे थोडा निधी आला आहे. गाळ उपसायचा आहे आणि त्याच हंगामात धक्क्यावर होड्यांच्या शर्यती आणि मेळावाही घ्यायचा आहे. मग आधी ड्रेजर, म्हणजे गाळ उपसणारं यंत्र, ठरवावा का?

नाही. ड्रेजर सगळ्यात शेवटी ठरतो. गाळ काढण्याचा अर्ज हा खरं म्हणजे गाळ टाकण्याचा अर्ज असतो. खणण्याबद्दल फारसं कुणी अडवत नाही. अर्ज अडकतो तो ‘हा गाळ कसला आहे, किती आहे आणि जाणार कुठे’ या तीन प्रश्नांवर. परवान्यांची नावं आणि खाती देशागणिक वेगळी असतात, पण नदीच्या तळाची मालकी, जलवाहतूक, पर्यावरण आणि मासेमारी बघणारे सगळे हेच तीन प्रश्न आपापल्या भाषेत विचारतात. एक पूर्ण वर्ष हाताशी ठेवूनच कामाला लागा.

पहिलं काम खोलीच्या मोजणीचं. नकाशावरची खोली ज्या पातळीपासून मोजतात तिला चार्ट डेटम म्हणतात. बऱ्याच देशांत ती ग्रहगणितानुसार येणाऱ्या सर्वांत खालच्या ओहोटीची पातळी असते. धक्का बांधणारे स्थापत्य अभियंते मात्र सरासरी समुद्रसपाटीपासून मोजतात. या दोन पातळ्यांत भरती-ओहोटीच्या फरकानुसार एक मीटर किंवा त्याहूनही जास्त अंतर पडू शकतं. अर्जाला जोडलेल्या दोन नकाशांवर दोन वेगळ्या पातळ्या असल्या की अर्ज परत येतो, आणि तसा तो आला तर बरंच म्हणायचं, कारण तोच नकाशा ठेकेदाराच्या हाती गेला तर चुकीच्या खोलीपर्यंत खणलं जातं. प्रत्येक नकाशावर डेटमचं नाव आणि दुसऱ्या डेटमशी असलेला फरक आकड्यात लिहून घ्या.

मऊ गाळाच्या बंदरात दोन कंप्रतांचा इको साउंडर, म्हणजे ध्वनी सोडून खोली मोजणारं यंत्र, मागा. सुमारे २०० किलोहर्ट्झचा ध्वनी पातळ चिखलाच्या वरच्या थरावरूनच परततो, तर ३० किलोहर्ट्झच्या आसपासचा त्या थरातून खाली घट्ट तळापर्यंत जातो. दोन आकड्यांमधला फरक म्हणजे पेजेसारखा पातळ गाळ. होडी त्यातून जाऊ शकते का, हा वेगळा प्रश्न आहे. रॉटरडॅम बंदरात घनमीटरला १.२ टन घनतेपर्यंतचा चिखल नौकानयनाच्या खोलीत धरतात. तुमच्या बंदरात तो थर जाड निघाला तर उपसायचा गाळ कागदावरच बराच कमी होऊ शकतो.

नदीमुखात वर गोडं आणि खाली खारं पाणी असतं आणि दोन्हींत ध्वनीचा वेग वेगळा असतो. म्हणून मोजणीच्या प्रत्येक दिवशी सुरुवातीला आणि शेवटी यंत्राखाली ठरावीक खोलीवर धातूची पट्टी सोडून आकडा जुळतो का हे तपासायला लावा, आणि ती नोंद अहवालात मागा.

आता घनमीटर. बहुतेक समित्या इथेच चुकतात, म्हणून एक उदाहरण पूर्ण मांडतो. २०० मीटर लांब आणि २० मीटर रुंद पट्टा आहे, सरासरी १.२ मीटर खणायचं आहे. सरळ गुणाकार केला की ४,८०० घनमीटर होतात आणि हाच आकडा अर्जात जातो. पण कुठलाही ड्रेजर तळ सुरीने कापल्यासारखा सपाट करत नाही. खालच्या बाजूला ०.३ मीटरची सूट धरावीच लागते, म्हणजे खोली १.५ मीटर आणि घनफळ ६,००० घनमीटर. शिवाय चिखलाच्या कडा उभ्या राहत नाहीत. १ उभा ५ आडवा असा उतार धरला तर दोन्ही बाजू मिळून आणखी २,२५० घनमीटर लागतात. एकूण ८,२५०. परवाना ४,८०० चा असेल तर काम अर्ध्याच्या जरा पुढे गेल्यावर थांबवावं लागेल, आणि वाढीव परवान्यासाठी पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात. अगदी मऊ चिखलात १ ला ८ किंवा १० असा उतारही लागतो. उतार कमी धरला तर कडा नंतर आपोआप ढासळतात आणि खणलेला खड्डा आठवड्यांत निम्मा भरतो.

हाच उतार धक्क्याच्या पायाशीही बघा. धक्का बांधताना समोरचा तळ किती खोल असेल असं धरलं होतं, हे जुन्या आराखड्यात असतं. त्याखाली खणलं तर भिंतीच्या पायाचा आधार जातो आणि भिंत पाण्याकडे कलते. आराखडा सापडत नसेल तर भिंतीलगतचा पट्टा अभियंत्याच्या लेखी मताशिवाय खणू नका. त्या पट्ट्यातल्या होड्या थोडं पुढे, तरंगत्या जेट्टीला बांधणं कितीतरी स्वस्त पडतं.

गाळाचे नमुने किती घ्यायचे? ईशान्य अटलांटिकच्या देशांच्या ऑस्पार या सागरी पर्यावरण कराराच्या मार्गदर्शनात २५,००० घनमीटरपर्यंत तीन ठिकाणं आणि १,००,००० पर्यंत चार ते सहा असा हिशेब आहे. तुमच्याकडे वेगळा नियम नसेल तर हा आकडा पुढे ठेवायला चांगला. पण ठिकाणं नकाशावर समान अंतराने टाकू नका. एक नमुना होड्या रंगवतात त्या उताराजवळून, एक इंधन भरण्याच्या जागेजवळून आणि एक प्रवाहाच्या मध्यातून घ्या. वरवरचा चिखल खरवडून उपयोग नाही. जितकं खणायचं आहे तितक्या खोलीपर्यंत नळी रोवून गाभा काढायचा, आणि खणल्यावर उघडा पडणारा नवा तळही तपासायचा. धातूंच्या तपासणीचे नमुने प्लास्टिकच्या डब्यात, तेल आणि इतर सेंद्रिय द्रव्यांचे काचेच्या बरणीत, सगळे ४ अंश सेल्सियसच्या आसपास थंड.

प्रयोगशाळेला पारा, कॅडमियम, शिसं, तांबं, जस्त, तेलजन्य पीएएच, पीसीबी (जुन्या विद्युत उपकरणांच्या तेलातलं विषारी द्रव्य) आणि टीबीटी यांची यादी द्या. टीबीटी हे होड्यांच्या तळाला शेवाळ आणि शंख चिकटू नयेत म्हणून रंगात घालत असत. त्यावरची जागतिक बंदी २००८ मध्ये लागू झाली, पण जुन्या दुरुस्तीच्या जागांखालच्या चिखलात ते अजून टिकून असतं. ६३ मायक्रॉनहून बारीक कण किती आहेत हेही मोजून घ्या, कारण विषारी द्रव्यं मुख्यतः त्याच कणांना चिकटतात. एकाच कोपऱ्यातला गाळ दूषित निघाला तर तेवढाच भाग वेगळा दाखवा. सगळा ढीग एकत्र दाखवला तर तीन चतुर्थांश स्वच्छ गाळही दूषित गाळाच्या खर्चाने हलवावा लागतो.

गाळ टाकण्याचे मार्ग तीन. समुद्रात टाकायचा तर १९७२ च्या लंडन करारातून आणि त्याच्या १९९६ च्या प्रोटोकॉलमधून आलेली चौकट लागते. प्रोटोकॉलप्रमाणे मुळात काहीच समुद्रात टाकता येत नाही. मोजक्या गोष्टींचा विचार होऊ शकतो आणि उपसलेला गाळ त्यांपैकी एक. मात्र ‘दुसरा काही उपयोग करता येणार नाही का’ याचं उत्तर आधी द्यावं लागतं. दुसरा मार्ग म्हणजे हाच उपयोग: वाळू असेल तर झिजलेल्या किनाऱ्यावर, बारीक चिखल असेल तर खचलेल्या दलदलीच्या काठावर. माझ्या मते लहान बंदराने हा पर्याय सर्वांत आधी तपासावा, कारण गाळ नदीच्याच व्यवस्थेत राहतो. तिसरा मार्ग जमिनीवर टाकणं. यात दोन गोष्टी बिघडतात. पंपाने उपसलेल्या मिश्रणात वजनाने साधारण १० ते २० टक्केच घन पदार्थ असतात, बाकी पाणी, म्हणून निवळणीचं तळं गाळाच्या घनफळावर आखलं की ते पहिल्याच दिवशी भरून वाहतं. आणि खाडीचा गाळ खारा असतो, बऱ्याचदा त्यात गंधकाची खनिजंही असतात, जी हवा लागल्यावर आम्ल तयार करतात. शेतात पसरण्याआधी दोन्हींची तपासणी हवीच.

आता ड्रेजर. लहान आणि अडचणीच्या जागेत तराफ्यावरचा लांब हाताचा एक्सकॅव्हेटर बरा, कारण गाळ कमी पाण्यासह निघतो. जवळच निवळणीची जागा असेल तर कटर सक्शन, म्हणजे फिरत्या पात्यांनी गाळ कापून पंपाने ओढणारा ड्रेजर. पाण्याच्या फवाऱ्याने गाळ सैल करून प्रवाहाबरोबर खाली सोडण्याची पद्धत स्वस्त आहे, पण गाळ बाहेर जात नाही, फक्त पुढे सरकतो. पुढे शिंपल्यांची शेती असेल तर या पद्धतीचा विचार सोडून द्या. गढूळपणा रोखणारे पडदे अर्जात लिहिले की छान दिसतात, पण प्रवाह सेकंदाला अर्ध्या मीटरच्या वर गेला की ते उचलले जातात. तुमच्या इथे ओहोटीचा वेग मोजल्याशिवाय ते वचन देऊ नका. त्यापेक्षा ठरावीक गढूळपणा ओलांडला की काम थांबवू, असं लिहा आणि मोजणीची जागा नकाशावर दाखवा.

वेळापत्रक तुम्ही नाही, भरती ठरवते. वरच्या उदाहरणातला गाळ बार्जमध्ये (गाळ वाहणाऱ्या सपाट बोटीत) साधारण २० टक्के फुगतो असं धरलं तर ९,९०० घनमीटर झाले. १५० घनमीटरच्या बार्जच्या ६६ फेऱ्या. मुखावरच्या वाळूच्या बांधावरून भरलेली बार्ज फक्त भरतीलाच जात असेल तर दिवसाला दोन फेऱ्या, म्हणजे ३३ दिवस. रात्री काम करायची परवानगी नसेल तर दिवसाला एकच आणि ६६ दिवस. त्यात माशांच्या चढणीचे आणि अंडी घालण्याचे महिने वगळा. मेळावा याच ६६ दिवसांत पडला तर दोन्ही बिघडतील. म्हणून मेळाव्याच्या तारखा पहिल्याच अर्जात आणि ठेकेदाराच्या करारात ‘काम बंद, धक्का मोकळा’ म्हणून लिहा. नंतर सांगितलं की थांबलेल्या यंत्रणेचं भाडं समितीच्या माथी येतं.

शक्य असेल तर मेळावा ड्रेजिंगच्या आधी घ्या. काम लांबतंच. शिवाय नुकत्या खणलेल्या तळाला अचानक खोल कडा असतात आणि जिथे मुलं कमरेइतक्या पाण्यात उभी राहायची तिथे पाय टेकत नाही. काम चालू असताना होडीवाल्यांना एक खूण शिकवा. ड्रेजरवर एकाखाली एक दोन लाल दिवे, दिवसा दोन काळे गोळे, असतील ती बाजू बंद. दोन हिरवे दिवे, दिवसा पत्त्यांतल्या चौकटसारखे दोन काळे आकार, असतील तिकडूनच जायचं. टक्करी टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांतला हा नियम २७ आहे. धक्क्यावर त्याचं मोठं चित्र लावा.

मेळाव्याची तारीख पंचांगाबरोबर भरतीचा तक्ता उघडूनच ठरवा. पौर्णिमेची रात्र सुंदर असते, पण तेव्हाच आणि त्यानंतरच्या दोनेक दिवसांत उधाणाची भरती असते. प्रवाह जोरात, ओहोटी खोल आणि जेट्टीचा उतार जिन्यासारखा उभा. पोहण्याच्या आणि वल्हवण्याच्या स्पर्धांना भांगाची, म्हणजे अष्टमीच्या आसपासची कमी चढउताराची, भरती घ्या आणि पाणी थबकतं त्या वेळेभोवती त्या बसवा. पाण्याची पातळी चार मीटरने बदलत असेल तर मधल्या दोन तासांत ती तासाला जवळपास एक मीटर बदलते. त्या दोन तासांत पाण्यात माणसं नकोत. नदीमुखात ओहोटीला नदीचं पाणीही मिळतं, म्हणून आदल्या आठवड्यात पाऊस झाला असेल तर आणखी सावध.

तरंगत्या जेट्टीचा हिशेब सोपा आहे. १० मीटर बाय २.५ मीटरच्या तराफ्यावर ७५ किलोची ४० माणसं सारखी पसरली तर तो सुमारे १२ सेंटिमीटर बुडतो. पण शर्यत संपताना सगळे एकाच कडेला धावतात, आणि तराफा कलतो तो तेव्हा. प्रेक्षक धक्क्यावर ठेवा, तराफ्यावर फक्त स्पर्धक आणि स्वयंसेवक. धक्क्यावर चौरस मीटरला दोन माणसं या हिशेबाने गर्दी धरा आणि रुग्णवाहिकेसाठी चार मीटरची वाट दोऱ्या लावून मोकळी ठेवा. शिड्या सर्वांत खालच्या ओहोटीच्या पाण्याखाली पोचतात का हे ओहोटीलाच जाऊन बघा. पोहण्याची स्पर्धा असेल तर पाण्याचा नमुना चार दिवस आधी द्या, कारण जिवाणूंच्या तपासणीला एक-दोन दिवस लागतात आणि निकाल वाईट आला तर लोकांना कळवायलाही वेळ हवा.

मेळावा आधी घेतलात तर त्याचा आणखी एक उपयोग होतो. खोलीचा नकाशा टेबलाएवढा छापून धक्क्यावर मांडा, शेजारी पेन्सिली ठेवा. जाळी टाकणाऱ्यांना विचारा: जाळं कुठे अडकतं, बुडालेली होडी कुठे आहे, जुना नांगर आणि साखळी कुठे पडली आहे, पाण्याखालची केबल कुठून जाते. हरकती असतील त्याही तिथेच लिहून घ्या. अर्जात ‘स्थानिकांशी चर्चा’ या रकान्यात तो खुणा केलेला नकाशा जोडता येतो. त्याची एक प्रत ठेकेदारालाही द्या, कारण कटरच्या तोंडात साखळी अडकली की दिवसभराचं काम जातं.