जुन्या मोटरबोटीतला स्टिरिओ बदलताना आधी त्याच्या मागच्या वायरी पाहाव्यात

तुमचा प्रश्न असा आहे : सुमारे पंचवीस वर्षे जुन्या फायबरग्लासच्या मोटरबोटीतला मूळचा कॅसेट-स्टिरिओ बंद पडला आहे, त्याच्या जागी मोटारीतला साधा स्टिरिओ चालेल का, की बोटीसाठी बनवलेलाच घ्यावा लागेल, आणि जुने वायरिंग व स्पीकर तसेच पुढे वापरता येतील का? थोडक्यात उत्तर द्यायचे तर संच बोटीसाठीचाच घ्यावा, स्पीकर तपासून ठरवावेत आणि वीजपुरवठ्याची जुनी वायर मात्र शक्यतो वापरूच नये. या शेवटच्या मुद्द्यावर मी सर्वांत जास्त लिहिणार आहे, कारण बहुतेक लोक संच निवडण्यात आठवडेच्या आठवडे घालवतात आणि तो जोडण्याचे काम एका दुपारी उरकून टाकतात.

आधी संचाबद्दल. मोटारीचा आणि बोटीचा स्टिरिओ यांत आवाजाच्या दृष्टीने विशेष फरक नसतो. फरक असतो तो टिकाऊपणात. बोटीसाठीच्या संचात सर्किट बोर्डावर ओलाव्यापासून बचाव करणारा लेप दिलेला असतो, दर्शनी भागाचे प्लास्टिक उन्हाला तोंड देणारे असते आणि बटणांच्या कडा बंदिस्त केलेल्या असतात. मोटारीचा संच खाऱ्या हवेत लगेच बंद पडेल असे नाही, पण संपर्कबिंदूंवर थर साचून तो हळूहळू कुरकुरू लागतो. बंद केबिनच्या आत आणि गोड्या पाण्यात तो बरीच वर्षे चालू शकतो. उघड्या डॅशबोर्डवर मात्र मी तो बसवणार नाही. पाण्यापासूनच्या संरक्षणाचा ‘आयपीएक्स’ आकडा वाचताना एक काळजी घ्यावी. आयपीएक्स ५ आणि ६ हे पाण्याच्या झोताविरुद्धचे दर्जे आहेत, तर आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात तीस मिनिटे बुडवण्याची चाचणी. मोठा आकडा लहान आकड्याला पोटात घेतो असे येथे होत नाही, त्यामुळे फक्त ७ लिहिलेला संच झोतालाही टिकेल असे गृहीत धरता येत नाही. शिवाय अनेक संचांत हा दर्जा केवळ दर्शनी भागापुरता आणि रबरी गॅस्केट सपाट पृष्ठभागावर नीट दाबली गेली असेल तरच लागू असतो. मागची बाजू कोरडीच राहिली पाहिजे.

जुन्या संचाचे भोक मोजल्याशिवाय नवा संच घेऊ नये. प्रचलित एक-डिन (मोटारींतल्या स्टिरिओचे प्रमाण माप) भोक सुमारे १८२ मिमी रुंद आणि ५३ मिमी उंच असते. फार जुन्या संचांत दोन्ही बाजूंना एकेक दांडा आणि मध्ये लहान चौकट अशी रचना असे. तसे असेल तर डॅशबोर्ड कापावा लागेल किंवा वरून एक पट्टी बसवावी लागेल. खोली मोजताना सुकाणू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पूर्ण फिरवून पाहावे आणि थ्रॉटलही पुढे-मागे करावा. डॅशबोर्डमागच्या केबली हलतात, आणि सुकाणू सरळ असताना मोकळी दिसणारी जागा ते पूर्ण वळवल्यावर मोकळी राहीलच असे नाही. सुकाणूच्या केबलला संचाची मागची बाजू अडणे हा गैरसोयीचा नव्हे, धोक्याचा प्रश्न आहे. जागा कमीच असेल तर गोल मीटरच्या आकाराचा, केवळ ब्लूटूथ आणि रेडिओ असलेला लहान संच घ्यावा. कॅसेट आणि सीडीची यंत्रणा गेल्यापासून संचाला एवढ्या खोलीची गरजही उरलेली नाही.

आता वीजपुरवठा. जुनी वायर चांगली आहे का हे पाहण्यासाठी लोक मल्टिमीटर लावतात, तो साडेबारा व्होल्ट दाखवतो आणि सगळे समाधानी होतात. या चाचणीला अर्थ नाही, कारण मीटर जवळजवळ काहीच प्रवाह ओढत नाही. शंभरातला एक तंतू शाबूत असला तरी तो पूर्ण व्होल्टेज दाखवील. त्याऐवजी वायरीच्या टोकाला १२ व्होल्ट, २१ वॉटचा मोटारीचा दिवा जोडावा आणि तो पेटलेला असताना मोजावे. बॅटरीवर १२.६ व्होल्ट असताना दिव्याजवळ ११ किंवा त्याहून कमी दिसले, तर वायर किंवा तिचा एखादा जोड खराब झाला आहे. दुसरी खूण डोळ्यांनी दिसते : वायरीचे आवरण दोन-तीन सेंटिमीटर सोलून पाहावे. तांबे लखलखीत असेल तर ठीक. काळे किंवा हिरवट असेल तर आणखी थोडे सोलावे. खारे पाणी तंतूंमधल्या फटींतून आवरणाखाली बरेच आतपर्यंत चढते आणि कितीही मागे कापत गेले तरी काळेच तांबे हाती लागते. अशी वायर पुन्हा जोडण्यात अर्थ नसतो.

म्हणून फ्यूज पॅनेलपासून संचापर्यंत धन आणि ऋण अशी नवी जोडवायर टाकावी. ती कल्हई केलेल्या, बहुतंतू तांब्याची असावी आणि जोड क्रिंप करून (हत्याराने दाबून), आतून गोंद असलेल्या, उष्णतेने आवळणाऱ्या हीट श्रिंक नळीने बंद केलेले असावेत. पीळ देऊन चिकटपट्टी गुंडाळलेले जोड बोटीत सापडले तर ते कोणी केले याचा शोध न घेता कापून टाकावेत. जाडीचा हिशोब करताना जाण्याचे आणि येण्याचे असे दोन्ही अंतर धरावे. पॅनेल संचापासून पाच मीटर दूर असेल तर एकूण लांबी दहा मीटर होते; १० अँपिअर प्रवाहाला २.५ चौरस मिमीच्या वायरीत सुमारे ०.७ व्होल्ट वाया जातात, ४ चौरस मिमीच्या वायरीत ०.४५ व्होल्टच्या आसपास. आवाज वाढवला की संच मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू होतो, त्याचे कारण बहुधा हेच असते. ऋण वायरही पॅनेलजवळच्या ऋण पट्टीपर्यंत न्यावी. मोटारीत लोखंडी सांगाडा परतीची वाट म्हणून वापरला जातो, फायबरग्लासमध्ये तशी वाटच नाही. आणि हे वाचणाऱ्या कोणाची बोट ॲल्युमिनियमची असेल तर तिच्या तळाचा परतीसाठी वापर कधीही करू नये, कारण भटक्या प्रवाहामुळे धातू झिजतो.

पॅनेल सोडून थेट बॅटरीवरूनच वायर घ्यायची असेल तर फ्यूज बॅटरीजवळ हवा, संचाजवळ नव्हे. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या ई-११ या मानकात हे अंतर सामान्यतः ७ इंच, म्हणजे सुमारे १८ सेंमी इतके दिले आहे. वायर संपूर्ण संरक्षक नळीतून नेली असेल तर थोडी सूट मिळते. संचासोबत आलेला फ्यूज संचाचे रक्षण करतो, वायरीचे नाही. मधली वायर कोठे घासून शॉर्ट झाली तर तो फ्यूज जागचा हलणारही नाही.

रंगांबाबत विशेष सावध राहावे, कारण येथे मोटारीचे आणि बोटीचे संकेत सरळ एकमेकांविरुद्ध जातात. स्टिरिओच्या वायरींत पिवळी म्हणजे स्मृतीसाठीची (घड्याळ आणि जतन केलेली केंद्रे टिकवणारी) कायमची धन वायर, लाल म्हणजे स्विचमागची धन वायर आणि काळी म्हणजे ऋण. बोटींच्या अमेरिकी रंगसंकेतात मात्र १२ व्होल्टची ऋण वायर काळी किंवा पिवळी असू शकते, आणि पिवळ्याला पसंती दिली जाते, कारण तेथे किनाऱ्यावरून येणाऱ्या एसी विजेची जिवंत वायरही काळीच असते. त्यातून जुन्या बोटींत हाच पिवळा रंग इंजिनकक्षातील ब्लोअरच्या (वाफ बाहेर फेकणाऱ्या पंख्याच्या) धन वायरीला दिलेला आढळतो. म्हणजे एकच रंग तीन ठिकाणी तीन वेगळ्या गोष्टी सांगतो, आणि रंगाला रंग जुळवून मोकळे होणाऱ्याची धन वायर थेट ऋण बाजूला जाऊन बसते. प्रत्येक वायर मीटरने ओळखावी आणि तिच्यावर लगेच चिठ्ठी लावावी. एसी विजेची जोडणी असलेल्या बोटीत डॅशबोर्डमागे हात घालण्यापूर्वी किनाऱ्याचा प्लग काढलेला असावा, हे ओघाने आलेच.

पिवळ्या स्मृतीवायरीविषयी माझे मत ठाम आहे : ती लाल वायरीसोबत एकत्र करून बॅटरी स्विचच्या पुढे, पॅनेलवरच जोडावी. अनेक माहितीपत्रके ती थेट बॅटरीला जोडायला सांगतात, पण ती सूचना रोज चालणाऱ्या मोटारीचा विचार करून लिहिलेली असते. दहा मिलिअँपिअरचा प्रवाह म्हणजे दिवसाला पाव अँपिअर-तास आणि महिन्याला सुमारे सात. काही महिने बांधून ठेवलेल्या बोटीत याच बॅटरीवर बिल्ज पंपही, म्हणजे तळाशी साचलेले पाणी उपसणारा पंपही, अवलंबून असतो. स्विच बंद असतानाही चालू राहण्याचा हक्क त्या पंपाला आहे, घड्याळाच्या आकड्यांना नाही. नुकसान झाले तर फार तर वेळ पुन्हा लावावी लागेल, आणि जतन केलेली रेडिओ केंद्रे तर बरेचसे नवे संच वीज गेल्यावरही विसरत नाहीत.

स्पीकर तपासणे सोपे आहे. संचापासून वायरी सुट्या करून मीटरने रोध मोजावा. ४ ओहमचा स्पीकर सुमारे साडेतीन दाखवतो. मग दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवावा, खट्‌ असा स्वच्छ आवाज आला पाहिजे. कागदी शंकू आणि कुजलेली कड असेल तर स्पीकर बदलावेत, त्यात फार विचार करण्यासारखे काही नाही. मात्र एक गोष्ट बारकाईने पाहावी : जुन्या जोडण्यांत दोन्ही स्पीकरांच्या ऋण वायरी एकत्र करून बोटीच्या ऋण पट्टीला नेलेल्या असू शकतात. त्या काळच्या काही संचांना ते चालत असे. आजच्या संचांत स्पीकरची ऋण वायरही आतील अँप्लिफायरच्या आउटपुटला जोडलेली असते, ती ऋण पट्टीला लागली की संच बंद पडतो किंवा जळतो. प्रत्येक स्पीकरला त्याच्या स्वतःच्या दोन वायरी संचापर्यंत आल्या पाहिजेत आणि स्पीकरच्या कोणत्याही टोकापासून बोटीच्या ऋण पट्टीपर्यंत मीटरला वाट सापडता कामा नये.

स्पीकर होकायंत्राजवळ बसवू नयेत. चुंबकामुळे सुई ढळते. त्याची खात्री करायची तर बोट धक्क्याला घट्ट बांधलेली असताना स्पीकर त्याच्या जागी धरून व दूर नेऊन सुई हलते का ते पाहावे. तुमचे इंजिन पेट्रोलचे आणि बोटीच्या आत बसवलेले असेल तर संच किंवा वेगळा अँप्लिफायर इंजिनकक्षात किंवा इंधनटाकीच्या जागेत ठेवू नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचते, आणि अशा जागी ठिणगी बाहेर न पडणारी उपकरणेच चालतात. स्टिरिओ त्यांत मोडत नाहीत.

रेडिओसाठी व्हीएचएफचा, म्हणजे बोटीवरच्या संपर्काच्या रेडिओ-संचाचा, अँटेना तसाच दुभागून वापरू नये. व्हीएचएफ २५ वॉटपर्यंत प्रक्षेपण करतो, तो स्टिरिओच्या पोटात गेल्यास संच वाचत नाही. त्यासाठी बनवलेला विभाजक तरी घ्यावा किंवा एफएमचा स्वतंत्र, धातूच्या पत्र्याची गरज नसलेला डायपोल अँटेना डॅशबोर्डखाली चिकटवावा.

सर्व जोडून झाल्यावर संच स्क्रूने पक्का करण्यापूर्वी एक चाचणी करावी. व्हीएचएफ शांत चॅनेलवर ठेवून स्क्वेल्च (खरखर दाबणारे बटण) एवढाच वाढवावा की खरखर जेमतेम थांबेल. मग स्टिरिओ सुरू करावा. खरखर परत आली तर स्टिरिओचा किंवा त्याच्या अँप्लिफायरचा विद्युत्‌ गोंगाट व्हीएचएफमध्ये शिरतो आहे. अमेरिकी तटरक्षक दलाने २०१८ मध्ये एलईडी दिव्यांबाबत इशारा देताना अशीच चाचणी सुचवली होती, आणि ती येथेही तितकीच उपयोगी पडते. उपाय म्हणून वायरी व्हीएचएफच्या अँटेना केबलपासून दूर न्याव्यात आणि पुरवठ्याच्या वायरीवर संचाजवळच फेराइटचे (असा गोंगाट शोषणाऱ्या चुंबकीय पदार्थाचे) कडे चढवावे. तरीही खरखर राहिली तर तो संच परत करून दुसरा आणावा, कारण एकदा डॅशबोर्ड कापून स्क्रू आवळले की दुकानदार तो परत घेणार नाही.