भारताने २०१९ मध्ये ६० वर्षं जुनं चिनूक हेलिकॉप्टर का घेतलं?

प्रश्नातच थोडा घोळ आहे. डिझाइन जुनं आहे, हेलिकॉप्टर नाही. पहिलं चिनूक उडालं सप्टेंबर १९६१ मध्ये हे खरं, पण मार्च २०१९ ला चंदीगडमध्ये हवाई दलात दाखल झाली ती सीएच-४७एफ जातीची, कोरी करकरीत, डिजिटल कॉकपिटवाली. आपण एकूण १५ घेतली.

मग डिझाइन का नाही बदललं, तर ते पहिल्याच फटक्यात जमून गेलंय म्हणून. साध्या हेलिकॉप्टरला शेपटीला छोटा पंखा लागतो, नाहीतर वरचा पंखा एकीकडे फिरतो आणि बॉडी उलटीकडे गरगरायला लागते, पण त्या छोट्या पंख्यात जी ताकद जाते तिचा वजन उचलायला काडीचा उपयोग नाही. चिनूकला पुढे एक मागे एक असे दोन मोठे पंखे, उलट दिशांना फिरणारे, त्यामुळे हिशोब तिथेच मिटतो आणि सगळी ताकद ओझ्याला मिळते. आत सामान थोडं पुढेमागे लागलं तरी बॅलन्स जात नाही. अफगाणिस्तानात पायलट नुसती मागची चाकं कड्यावर टेकवून, पुढचा भाग हवेत तसाच धरून मागच्या रॅम्पवरून माणसं घ्यायचे. व्हिडिओ आहेत, बघाच एकदा!

व्हिएतनाममध्ये १९६५ पासून तोफा पोचवल्या, पडलेली विमानं उचलून आणली, ते सगळं आहेच. पण मला विचाराल तर खरी सर्व्हिस हिस्टरी ब्रिटिशांच्या एकाच चिनूकची, नाव त्याचं ब्राव्हो नोव्हेंबर. १९८२ चं ब्रिटन आणि अर्जेंटिनामधलं फॉकलंड युद्ध. २५ मे ला अटलांटिक कन्व्हेयर या जहाजावर एक्झोसेट मिसाइल आदळलं, जहाजावरची तीन चिनूक जळाली, हे एक त्या वेळी हवेत होतं म्हणून वाचलं. स्पेअर पार्ट, टूल्स, मॅन्युअल सगळं जहाजाबरोबर गेलं आणि तरी हे पठ्ठं युद्ध संपेपर्यंत उडत राहिलं. एका रात्री तोफा टाकून परत येताना बर्फाच्या वादळात चक्क समुद्रावर आपटलं, पायलटने तसंच वर खेचलं. एका फेरीत ८१ पॅराट्रूपर उभे कोंबून नेले. पुढे इराक, अफगाणिस्तान, आणि या एकाच मशीनवर चार वेगवेगळ्या पायलटांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हे शौर्यपदक मिळालं. त्यातल्या एकाच्या हेल्मेटला गोळी लागली होती, तरी जखमी सैनिकांना घेऊन परत आला. २०२२ पासून ते इंग्लंडमधल्या कॉसफर्डच्या म्युझियममध्ये आहे.

तोटा नाही असं नाही हं. दोन्ही पंख्यांची पाती एकमेकांच्या वाटेत येतात, म्हणून आतून एका शाफ्टने त्यांचा ताल बांधलेला असतो. तो ताल चुकला की खेळ खलास. नोव्हेंबर १९८६ मध्ये स्कॉटलंडजवळ सम्बर्गला तेच झालं, तेलविहिरीवरच्या कामगारांना घेऊन येणाऱ्या सिव्हिल चिनूकचा गिअर फुटला, पाती पात्यांवर आदळली आणि ४७ पैकी ४५ माणसं गेली. त्यामुळे वय विचारण्यापेक्षा गिअरबॉक्सचा मेंटेनन्स कसा चालतो हे विचारा.