तीसपैकी सत्तावीस गुण मिळाले, मग पुढच्या चाचण्या कशासाठी?

प्रश्न : माझे वडील ७१ वर्षांचे असून ते निवृत्त गणित शिक्षक आहेत. गेले वर्षभर ते तोच प्रश्न तासाभरात तीन-चार वेळा विचारतात आणि घेतलेले औषध पुन्हा घ्यायला निघतात. डॉक्टरांनी घेतलेल्या ३० गुणांच्या चाचणीत त्यांना २७ गुण मिळाले आणि एमआरआयही वयाच्या मानाने ठीक आला. तरीही मेंदूविकारतज्ज्ञांनी दोन-तीन तास चालणाऱ्या न्यूरोसायकॉलॉजिकल (स्मरण, लक्ष, भाषा अशा मेंदूच्या क्षमता तपासणाऱ्या) चाचण्या सुचवल्या आहेत. वडील चिडून म्हणतात, ‘‘मी काय वेडा झालोय?’’ या चाचण्या खरोखरच आवश्यक आहेत का?

उत्तर : आवश्यक आहेत, आणि त्याचे कारण त्या सत्तावीस गुणांतच सापडण्याची शक्यता आहे. तुमच्या वडिलांची बहुधा एमएमएसई (मिनी-मेंटल स्टेट एक्झामिनेशन) ही प्राथमिक चाचणी झाली असावी. १९७५ साली प्रसिद्ध झालेली ही चाचणी पाच-दहा मिनिटांत आटोपते. तिच्यातील ३० गुणांपैकी १० गुण तारीख, वार, ठिकाण यांच्या भानाला असतात, ५ गुण शंभरातून सात-सात वजा करत जाण्याला, ८ गुण भाषेला आणि थोड्या वेळापूर्वी सांगितलेले शब्द पुन्हा आठवण्याला केवळ ३ गुण. ज्यांनी आयुष्यभर गणित शिकवले त्यांना वजाबाकीचे पाच गुण सहज मिळणार. आता समजा, गमावलेले तिन्ही गुण त्या तीन शब्दांचेच असतील, तर बेरीज चांगली दिसते, पण स्मरणाच्या रकान्यात मात्र शून्य असते. म्हणून एकूण गुणांवर समाधान न मानता ती उत्तरपत्रिका मागून घ्या आणि गुण नेमके कुठे गेले ते पाहा.

सविस्तर चाचण्यांमध्ये हाच धागा पुढे नेला जातो. उदाहरणार्थ, एका प्रचलित चाचणीत पंधरा शब्दांची यादी पाच वेळा वाचून दाखवतात आणि प्रत्येक वेळी जितके आठवतील तितके शब्द सांगायला लावतात. मग मध्ये दुसरीच यादी देऊन लक्ष विचलित करतात आणि सुमारे अर्ध्या तासाने पहिल्या यादीतले शब्द पुन्हा विचारतात. निरोगी माणसाचे शब्द दर फेरीला वाढत जातात आणि अर्ध्या तासानंतरही त्यांतले बरेचसे टिकतात. अल्झायमरच्या सुरुवातीच्या अवस्थेत ही वाढ तोकडी राहते, अर्ध्या तासाने बहुतेक शब्द पुसले गेलेले असतात आणि ‘तो फळांपैकी एक होता’ असा इशारा देऊनही फारसा उपयोग होत नाही, कारण नवी माहिती साठवून ठेवणारा मेंदूचा भागच आधी बाधित झालेला असतो. याउलट नैराश्यात शब्द आपणहून आठवत नाहीत, पण इशारा मिळताच किंवा यादीतून ओळखायला सांगताच ते बऱ्याचदा सापडतात. हा फरक सर्वांच्या बाबतीत इतका ठळक नसतो, तरीही माझ्या मते या चाचण्यांचे खरे मोल इथेच आहे.

स्मरणाखेरीज लक्ष, विचारांचा वेग, भाषा, आकृतींचे आकलन आणि नियोजन हेही तपासले जाते. कागदावर विखुरलेले अंक व अक्षरे १-अ-२-ब अशा आलटून-पालटून क्रमाने रेषेने जोडणे किंवा एका मिनिटात जितक्या प्राण्यांची नावे सांगता येतील तितकी सांगणे असे हे प्रकार असतात. मेंदूच्या रक्तवाहिन्यांशी निगडित स्मृतिभ्रंशात बहुधा वेग आणि नियोजन आधी ढासळते, तर लेवी बॉडी प्रकारात (यात मेंदूच्या पेशींत प्रथिनांच्या गाठी साठतात) आकृतींचे आकलन. मिळालेल्या गुणांची तुलना त्याच वयाच्या आणि तितक्याच शिक्षणाच्या निरोगी लोकांशी केली जाते. एखाददुसऱ्या चाचणीत कमी गुण निरोगी माणसालाही पडतात, म्हणून तज्ज्ञ एका आकड्यावर भर न देता सर्व चाचण्यांतून काय आकृतिबंध दिसतो ते पाहतात. त्याच्या जोडीला बी-१२, थायरॉइड, झोपेचे विकार आणि चालू औषधे यांचीही तपासणी व्हायला हवी, कारण विस्मरणाची यांतली काही कारणे उपचारांनी दूर होऊ शकतात.

वडिलांच्या प्रश्नाला ‘‘नेहमीचीच तपासणी आहे’’ असे खोटे उत्तर देऊन त्यांना नेऊ नका. विसरण्याचे कारण शोधायचे आहे आणि ते कदाचित साधेही असेल, एवढे स्पष्ट सांगा. चाचणीच्या दिवशी झोप पुरेशी झालेली असावी, चष्मा आणि असल्यास श्रवणयंत्र सोबत असावे. ऐकूच न आलेला शब्द आठवणार कुठून? घरच्या व्यक्तीची मुलाखत स्वतंत्रपणे घेतली जाते, तेव्हा ‘विसरतात’ असे मोघम न सांगता काय, कधी आणि किती वेळा, हे सांगा. वडिलांना प्रश्न विचारले जात असताना मात्र त्यांच्या वतीने उत्तर देण्याचा मोह टाळा.

प्रश्न : माझ्या सासूबाई कधीच शाळेत गेलेल्या नाहीत. त्यांना घड्याळाचे चित्र काढायला सांगितले, ते जमले नाही आणि कागदावर ‘स्मृतिभ्रंशाची शक्यता’ असा शेरा आला. त्यावर विश्वास ठेवावा का?

उत्तर : केवळ त्या चित्रावरून ठेवू नये. ज्यांच्या हातात कधी पेन्सिल आली नाही त्यांना वर्तुळ, अंक आणि काटे जमले नाहीत, यातून मेंदूच्या ऱ्हासाविषयी फारच थोडे कळते. मोका या एमएमएसईसारख्याच ३० गुणांच्या प्रचलित चाचणीत बारा किंवा त्याहून कमी वर्षे शिक्षण झालेल्यांना एक गुण वाढवून देतात, पण निरक्षर व्यक्तीच्या बाबतीत ही भरपाई अगदीच अपुरी आहे. अशा वेळी त्यांच्या मातृभाषेत, वाचन-लेखनाची गरज नसलेल्या आणि निरक्षर लोकांवर प्रमाणित केलेल्या चाचण्या वापराव्या लागतात. त्याहून महत्त्वाची ठरते ती तुमची साक्ष. आयक्यूकोड नावाच्या प्रश्नावलीत निकटच्या व्यक्तीला, दहा वर्षांपूर्वीच्या तुलनेत आज वस्तू कुठे ठेवल्या हे आठवणे, पैशांचा हिशेब करणे, नवे यंत्र वापरायला शिकणे यांत किती फरक पडला, असे विचारतात. तुलना त्यांची त्यांच्याशीच होत असल्याने शाळा आड येत नाही.

प्रश्न : आईची चाचणी सहा महिन्यांनी पुन्हा होणार आहे. तोवर तिच्याकडून तसल्याच शब्दांच्या याद्या मोबाइलवर पाठ करून घेतल्या तर चालेल का?

उत्तर : कृपया असे करू नका. सरावाने गुण वाढतात, स्मरणशक्ती मात्र आहे तिथेच राहते आणि खरी घसरण त्यामागे झाकली जाते. याच कारणासाठी फेरतपासणीत शब्दांची पर्यायी यादी वापरतात आणि दोन चाचण्यांत सहसा सहा महिने ते वर्षभराचे अंतर ठेवतात. दरम्यान ती स्वयंपाक, बँकेचे काम, औषधे हे सारे कितपत स्वतंत्रपणे करते, याच्या तारखेसह नोंदी ठेवा. सौम्य बोधनिक ऱ्हास (स्मरण वा विचारशक्ती घटते, पण रोजचे व्यवहार स्वतंत्रपणे जमतात) आणि स्मृतिभ्रंश यांतली सीमारेषा मुख्यतः यावरूनच ठरते. मात्र तिचा गोंधळ काही तासांत किंवा दोन-चार दिवसांत एकाएकी वाढला, तर पुढच्या चाचणीच्या तारखेची वाट न पाहता तिला त्याच दिवशी रुग्णालयात न्या. असा अचानक आलेला गोंधळ बहुधा जंतुसंसर्ग, औषधांचा दुष्परिणाम किंवा शरीरातील क्षारांचे बिघडलेले प्रमाण यांमुळे असतो.