घरच्या दुरुस्तीसाठी मिग वेल्डिंग मशीन: खोक्यावरच्या आकड्याआधी पाईपची जाडी पाहा

तुमचा प्रश्न मी असा समजलो: चिपळूणजवळच्या घराचे लोखंडी गेट खालून गंजून सुटले आहे, खिडकीच्या ग्रिलचे दोन-तीन जोड निघाले आहेत, पुढे पडवीवर पत्र्याची शेड उभारायची आहे, आणि या कामांसाठी वीस हजार रुपयांच्या आत 200 अँपिअरचे मिग मशीन (रिळातली वायर आपोआप पुढे ढकलून तीच वितळवत जोड मारणारे वेल्डिंग मशीन) घ्यावे की 250 अँपिअरचे, हे ठरत नाही. मी गेली अकरा वर्षे घरामागच्या शेडमध्ये स्वतःची आणि शेजाऱ्यांची अशीच कामे करत आलो आहे. खोक्यावरच्या आकड्यापासून सुरुवात करू नका, असे मला आग्रहाने सांगायचे आहे. ज्या पाईपला जोड मारायचा त्याची जाडी आधी मोजा, मशीन कोणत्या सॉकेटला लावणार ते पाहा आणि मगच दुकानात जा.

आपल्याकडे गेट आणि ग्रिलला बहुधा 16 किंवा 18 गेजचा चौकोनी पाईप वापरतात, म्हणजे साधारण 1.6 किंवा 1.2 मिलिमीटर जाडीचा पत्रा. साध्या लोखंडाला दर मिलिमीटरमागे सुमारे 40 अँपिअर हा ढोबळ हिशेब धरला, तर तुमचे बहुतेक काम 50 ते 65 अँपिअरमध्ये होते आणि शेडच्या 3 मिलिमीटरच्या अँगलला 120 अँपिअरच्या आसपास लागतात. म्हणजे 250 अँपिअरच्या मशीनचा वरचा अर्धा भाग तुमच्या घरी पडूनच राहील. खरी परीक्षा खालच्या टोकाला असते. स्वस्त मशीन 150 अँपिअरला छान चालते आणि 50 ला आणले की आर्क (वायर आणि लोखंड यांच्यामधली विजेची ज्योत) तुटू लागतो. तो तुटू नये म्हणून आपण करंट वाढवतो आणि पातळ पाईपला भोक पडते.

आता सॉकेट. 100 अँपिअरला आर्कचा व्होल्टेज साधारण 19 असतो. मशीनमधला तोटा आणि पॉवर फॅक्टर (लाइनमधून ओढलेल्या करंटपैकी प्रत्यक्ष कामी येणारा हिस्सा) धरून 230 व्होल्टच्या लाइनवर सुमारे 15 अँपिअरचा भार येतो, म्हणजे घरातले 16 अँपिअरचे सॉकेट इथेच संपते. 160 अँपिअरला हाच भार 27 च्या जवळ जातो. त्यासाठी वायरमनकडून बोर्डापासून स्वतंत्र लाइन आणि स्वतंत्र एमसीबी घेतल्याशिवाय मशीन लावू नये. एक्स्टेन्शन वापरावेच लागले तर 2.5 चौरस मिलिमीटरपेक्षा बारीक वायर नको, आणि ती पूर्ण उलगडून ठेवावी, कारण गुंडाळी केलेली वायर आतल्या आत तापते. गावाकडे व्होल्टेज पडत असेल, तर मशीनच्या पाटीवर किती व्होल्टपर्यंत ते चालते हे वाचा. त्याच पाटीवर ड्युटी सायकल लिहिलेली असते. 60 टक्के म्हणजे दहा मिनिटांतली सहा मिनिटे वेल्डिंग आणि चार मिनिटे विश्रांती. हा आकडा 40 अंश तापमानाला दिला आहे की त्याहून कमी, हेही विचारून घ्यावे.

दुसरा मोठा निर्णय गॅसचा. गॅसवर चालणारे मिग सुबक जोड देते. (कार्बन डायऑक्साइड वापरला की या पद्धतीला खरे तर मॅग म्हणतात, पण दुकानात सगळे मिगच म्हणतात.) मात्र हा गॅस जोडाभोवती हवेला अडवून धरणारा पातळ पडदा असतो. उघड्यावरच्या गेटपाशी वारा सुटला की तो पडदा उडतो आणि जोडात बारीक छिद्रे राहतात. कोकणात हे रोजचे आहे. म्हणून गॅसवर आणि गॅसशिवाय फ्लक्सच्या वायरवर (ही पोकळ असते आणि आतली भुकटी जळून जोडाला हवेपासून वाचवते), असे दोन्ही प्रकारे चालणारे मशीन घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यात ध्रुव बदलण्याची सोय आहे ना, हे दुकानदाराला उघडून दाखवायला सांगा. गॅसच्या सॉलिड (भरीव) वायरला टॉर्च, म्हणजे वायर बाहेर सोडणारा हातातला भाग, धन टोकाला लावतात, तर गॅसशिवायच्या फ्लक्स वायरला ऋण टोकाला. ही अदलाबदल न केल्यामुळे ठिणग्यांचे छर्रे सगळीकडे चिकटलेले पाहून ‘फ्लक्स वायर वाईट’ असा निष्कर्ष काढणारे कितीतरी लोक मला भेटले आहेत. फ्लक्स वायरला धूर जास्त असतो, वरची खपली झाडावी लागते आणि किलोमागे ती महाग पडते, हे खरे. तरीही पहिले वर्ष तिच्यावर काढा आणि सिलिंडरचा खर्च पुढे ढकला. पुढे गॅस घेतलाच तर हिशेब सोपा आहे. 0.8 मिलिमीटरच्या सॉलिड वायरच्या 1 किलो बंडलात सुमारे 250 मीटर वायर असते आणि मिनिटाला 5 मीटर वेगाने ती 50 मिनिटे पुरते. 1 किलो कार्बन डायऑक्साइडपासून सुमारे साडेपाचशे लिटर गॅस होतो आणि मिनिटाला 10 लिटरने तो 55 मिनिटे पुरतो. किलोला किलो, एवढे लक्षात ठेवले तरी चालते.

ज्या भागाकडे विकत घेताना कोणी पाहत नाही, तो म्हणजे वायर ढकलणारी यंत्रणा. माझ्या पहिल्या मशीनची ही यंत्रणा प्लॅस्टिकची होती. महिनाभरात दाबाची कळ सैल झाली, वायर मध्येच थांबे, आर्क मागे सरकून कॉन्टॅक्ट टिपलाच (टॉर्चच्या तोंडाशी वायरला करंट देणाऱ्या तांब्याच्या नळीला) वायर चिकटून बसे, आणि मी दर पाच मिनिटांनी पक्कड घेऊन टिप सोडवत बसे. करंट, व्होल्टेज सगळे बरोबर असूनही त्या मशीनवर एक जोड धड झाला नाही. म्हणून दुकानात झाकण उघडा आणि रोलरची बैठक धातूची आहे का ते बघा. अर्थिंगचा (लोखंडाला लावायचा) चिमटा काढून ठेवा, टॉर्चचे तोंड लाकडाच्या ठोकळ्यापासून दोन बोटांवर धरा आणि बटण दाबा. वायर लाकडाला टेकून वळत, वेटोळे घेत बाहेर येत राहिली पाहिजे. ती थांबत, धक्के खात आली तर मशीन परत ठेवा. टॉर्च निघणारा, युरो जोडणीचा (ठरलेल्या प्रमाणित जोडणीचा) असेल तर उत्तम, कारण टिप, नॉझल (तोंडावरची टोपी) आणि लायनर (वायर ज्यातून सरकते ती आतली नळी) हे झिजणारे भाग कोणत्याही वेल्डिंगच्या दुकानात मिळतात. शेवटी 18 गेज पाईपचे दोन तुकडे सोबत न्या आणि तिथेच जोड मारून पाहा. सेटिंग जमले की फोडणीत मोहरी तडतडावी तशी बारीक, एकसलग तडतड ऐकू येते. मधूनमधून फटाक्यासारखे आवाज आले तर वायरचा वेग आणि व्होल्टेज यांचा मेळ बसलेला नाही.

मशीनमध्ये रॉडने वेल्डिंग करण्याची सोयही असू द्या. मिगला स्वच्छ, चकचकीत लोखंड लागते. गंजावर, रंगावर जोड धरत नाही. तुमच्या गेटच्या जुन्या अँगलपर्यंत ग्राइंडर पोहोचत नसेल, तर तिथे 2.5 मिलिमीटरची 6013 क्रमांकाची (साध्या लोखंडासाठीची नेहमीची) रॉड बरी.

एका गोष्टीची मला मनापासून काळजी वाटते. मिगने नवशिक्याचाही जोड दिसायला सुंदर येतो, पण करंट कमी पडला किंवा हात घाईने चालला तर तो लोखंडात न मुरता नुसता वर बसलेला असतो. बाहेरून हे कळत नाही. आधी त्याच जाडीचे तुकडे जोडा, वाइसमध्ये (शिकंज्यात) पकडा आणि हातोड्याने वाकवून तोडा. जोडालगतचे लोखंड फाटले तर जोड मुरला आहे. जोडच सोलून निघाला तर नाही. असे दहा-बारा तुकडे समाधानकारक तुटेपर्यंत गच्चीचा कठडा, जिना किंवा पाण्याच्या टाकीचा स्टँड यांना हात लावू नका. ती कामे फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घ्या.

वीस हजारांतले तीन-चार हजार हेल्मेट, चामडी हातमोजे आणि ग्राइंडरच्या चकत्यांसाठी बाजूला ठेवा. हेल्मेटच्या काचेचा शेड क्रमांक (काळेपणा) 10 किंवा 11 असावा. जस्ताचा मुलामा असलेला पाईप किंवा पत्रा जोडताना दोन्ही बाजूंचा मुलामा आधी घासून काढा आणि काम उघड्यावर करा, कारण जस्ताच्या धुराने त्याच रात्री थंडी वाजून ताप येतो. इंधनाचा डबा किंवा बंद पिंप, रिकामे असले तरी, कधीही वेल्ड करू नये.

गेटपुरते सांगायचे तर गंजलेल्या भागावर ठिगळ लावू नका. चांगले लोखंड लागेपर्यंत खालचा आडवा पाईप कापून काढा आणि 16 गेजचा नवा तुकडा बसवा. आधी चार कोपऱ्यांना टाके मारा, गुण्याने काटकोन तपासा आणि मग एकेक बाजू आलटून पालटून भरा, म्हणजे ताणाने गेट वाकणार नाही. नव्या पाईपच्या तळाला 6 मिलिमीटरची दोन भोके पाडून ठेवा. जुना पाईप आतून सडला असेल तो बहुधा साचलेल्या पाण्यानेच, आणि हे पाणी पुढच्या पावसाळ्यातही आत शिरणारच आहे.