वाचक विचारतात : असईच्या पलटणी, वाकलेले बेस आणि पावसाळा

शिंदे आणि इंग्रजांमधली १८०३ ची असईची लढाई टेबलावर खेळण्यासाठी १५ मिमीच्या धातूच्या फिगर (छोटे सैनिक) घेतोय. एकूण किती लागतील? एका बेसवर, म्हणजे खालच्या पट्टीवर, किती लावायच्या? – एक वाचक, नाशिक

फिगर मागवण्याआधी कागद-पेन्सिल घ्या. एका बेसला किती माणसे मानायची ते ठरले की बाकीचा हिशेब आपोआप सुटतो. असईसाठी एक बेस म्हणजे साधारण ३०० शिपाई हे प्रमाण सोयीचे पडते. शिंद्यांचे कवायती पायदळ ढोबळमानाने साडेदहा हजार : त्यांच्या नोकरीतल्या पोलमनचा कंपू (कवायती फौजेची तुकडी) सहा हजारांचा, बेगम समरूचा अडीच हजारांचा, द्यूपाँचा दोन हजारांचा. म्हणजे २०, ८ आणि ७, एकूण ३५ बेस. इंग्रज सेनापती वेलस्लीकडे सात पलटणी : ७४ वी, ७८ वी आणि मद्रासच्या पाच. त्या थोड्या लहान होत्या, तरी प्रत्येकीला २ बेस द्या. एकाच बेसच्या पलटणीला व्यूह बदलता येत नाही. हे १४ बेस धरून पायदळाचे ४९ झाले.

बेस ४० मिमी रुंद, ३० मिमी खोल. त्यावर ८ फिगर, चार-चारच्या दोन रांगांत. पायदळाच्या फिगर ३९२ होतात, तुटफूट धरून ४०० घ्या. दोन रांगांत उभ्या ३०० माणसांची आघाडी सुमारे ८० मीटर भरते, म्हणजे टेबलावरचा १ मिमी जमिनीवरचे २ मीटर. ३५ बेस ओळीने लावले तर १४०० मिमी. सहा फुटी टेबलावर बसतात आणि टोकांना घोडदळापुरती जागा उरते.

दिसायला सुरेख म्हणून पुष्कळ जण १२० मिमीची लांब पट्टी घेतात. असईसाठी तसे करू नका. वेलस्ली केळणा नदी ओलांडून बगलेवर आला तेव्हा पोलमनने अख्खी फळी काटकोनात फिरवली होती. केळणा आणि जुई या नद्यांमधल्या चिंचोळ्या जागेत लांब पट्ट्या वळवू लागलात की झाडे, घरे, शेजारची पलटण, सगळे उचलून ठेवावे लागते.

इंग्रजांकडे घोडदळाच्या चार रेजिमेंट : १९ वी लाइट ड्रॅगून्स आणि मद्रासच्या ४ थी, ५ वी, ७ वी. प्रत्येकी २ बेस, बेसवर ३ स्वार. मराठी घोडदळ संख्येने अफाट असले तरी त्यातले बहुतेक त्या दिवशी बाजूलाच उभे राहिले, तेव्हा १२ बेसवर भागवा. सगळ्यात जास्त पैसे इथेच उगाच जातात. तोफांचे सोपे आहे : इंग्रजांच्या हाती ९८ पडल्या, ८ तोफांना एक धरून १२ प्रतिकृती पुरतात. फक्त गोलंदाज तोफेच्या बेसवर चिकटवू नका. २० × १० मिमीच्या पट्टीवर दोन-दोन असे वेगळे लावा. असईत मेल्याचे सोंग घेतलेल्या गोलंदाजांनी इंग्रज पुढे सरकल्यावर पुन्हा तोफा डागल्या होत्या. माणसे सुटी असली तरच हा प्रसंग टेबलावर खेळता येतो.

आणखी एक. रंगवताना फिगर आइस्क्रीमच्या काड्यांवर ठेवा. बेसवर लागल्यावर मागच्या रांगेत ब्रश शिरत नाही. पक्के चिकटवण्याआधी आठही जण नुसते उभे करून पाहा. पुढे रोखलेली संगीन बेसच्या कडेबाहेर आली तर समोरचा बेस कधीच भिडत नाही, आणि चार खेळांत संगीनच मोडते.

रेती लावल्यावर एमडीएफचे (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीचे) बेस द्रोणासारखे वर वळतात. – एक वाचक, ठाणे

फेविकॉलमधले पाणी वरच्या बाजूत मुरते, मग वाळताना गोंदाचा थर आकसतो आणि कडा वर ओढतो. खालची बाजू कोरडीच असल्याने तिकडून ताण पडत नाही. रेती लावण्याआधी दोन्ही बाजूंना आणि कडांना स्प्रे प्रायमरचा एक हात द्या. गोंद पातळ पसरा. ६० मिमीपेक्षा लांब बेसला २ नव्हे, ३ मिमी जाडी घ्या. आधीच वाकलेल्यांची खालची बाजू ओल्या फडक्याने पुसा आणि सपाट फरशीवर रात्रभर दाबून ठेवा. फिगर लागल्या असतील तर वजन फक्त कडांवर येईल असे बघा.

असई आणि पानिपत, दोन्हींना एकच बेस चालतील का? – एक वाचक, पुणे

माती वेगळी, ऋतूही वेगळा. असई २३ सप्टेंबरची : खरिपाचा हंगाम, काळी माती, हिरवे गवत. पानिपत १४ जानेवारीचे : यमुनेकाठची पिवळसर करडी गाळाची माती, हिवाळा. शिवाय पानिपतचे गारदी (तिथले कवायती पायदळ) १८०३ चे कंपूवाले म्हणून उभे करणे बरोबर नाही. शिंद्यांचे कंपू त्यांच्या नोकरीतल्या द बॉयन या युरोपीय अधिकाऱ्याने १७८४ नंतर उभे केले. स्वार मात्र दोन्हीकडे खपतात. त्यांच्या बेसना मधला धुळकट तपकिरी रंग द्या आणि गवत तुरळक ठेवा.

असईच्या पायदळासाठी गडद तपकिरी दोन भाग, काळा एक भाग. नुसता काळा लावलात तर बेस डांबरी रस्त्यासारखा दिसतो. वाळल्यावर त्याच रंगात थोडा बदामी मिसळा, जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर फिरवा आणि चुनखडीचे चार-दोन पांढुरके खडे टाका. काळ्या रानात ते असतातच.

पावसाळ्यात मॅट वार्निशचा स्प्रे मारला, सगळे घोडदळ पांढरट झाले. – एक वाचक, रत्नागिरी

स्प्रेमधले द्रावक उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि दमट हवेतले पाणी त्यावर धरते. एका फिगरवर ब्रशने ग्लॉस वार्निश लावून पाहा. बहुतेकदा पांढरेपणा जातो, मग वरून पाण्यात मिसळणारे मॅट वार्निश, तेही ब्रशनेच. जून ते सप्टेंबर कोकणात स्प्रेला हात न लावलेला बरा. फेविक्विकच्या सांध्याभोवती येणारी पांढरी पावडरही दमट हवेचीच, पण तिथे निम्मा दोष जास्त गोंदाचा. टाचणीच्या टोकावर मावेल एवढा पुरे.

पेटीत बेस घसरून भाले मोडतात. चुंबक कुठला घ्यावा? – एक वाचक, बेळगाव

बेसखाली चुंबकी शीट, पेटीच्या तळाला जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पत्रा. ॲल्युमिनियम चालत नाही आणि घरातले बरेचसे स्टीलही चुंबकाला धरत नाही. पत्रा विकत घेताना खिशात चुंबक ठेवा. पेटीतही चुंबकी शीटच लावली तर पट्ट्यापट्ट्यांनी ओढ बसते आणि बेस नको तिथे सरकतो. धातूच्या स्वारांना शीट अपुरी पडते. तिथे ३ मिमीच्या बेसला खालून खाच पाडून ५ × २ मिमीची निओडिमियम चुंबकाची चकती बसवा. पेटी बंद करून हळूच उभी करा आणि मिनिटभर थांबा. जो बेस घसरेल त्याला दुसरी चकती.